पापाची क्षमा : ख्रिस्ती श्रद्धेत देव काय माफ करतो आणि काय नाही

वसईवाला (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर भ्रष्टाचाराची चर्चा रंगली होती. तिथे कुणीतरी लिहिलं, "तुम्हा ख्रिश्चनांचं बरं असतं, फादरच्या कानात सांगितलं की पाटी कोरी." हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलोय. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. सिनेमातला नायक देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, लाकडी खोक्यात बसून खुनाची कबुली देतो आणि बाहेर येतो, एवढंच लोकांनी पाहिलेलं असतं. सध्या उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) चालू आहे, आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी कबुलीसाठी रांगा लागताहेत, तेव्हा म्हटलं सविस्तर लिहावं. मी कॅथलिक आहे, त्यामुळे आधी त्या अंगाने लिहितो. प्रॉटेस्टंट मंडळींनी भर घालावी.

आधी प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. रांगेत उभं असतानाच माणसाने स्वतःची झडती घ्यायची असते. कुणाशी खोटं बोललो, कुणाचे पैसे थकवले, म्हाताऱ्या आईवर कसा खेकसलो, हे सगळं आठवायचं. मग जाळीपाशी गुडघे टेकायचे. ही जाळी सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी रूढ केली. कबुली देणारा आणि ऐकणारा यांच्यात आडपडदा राहावा, विशेषतः स्त्रियांना संकोच वाटू नये, हा हेतू. शेवटची कबुली कधी दिली ते सांगायचं, पापं सांगायची. "साहेबच तसा आहे म्हणून मला खोटी बिलं लावावी लागली" असं कुणी सुरू केलं तर चांगला फादर शांतपणे थांबवतो आणि विचारतो, "साहेबाचं राहू द्या. तुमचं सांगा." मग तो दोन शब्द बोलतो, प्रायश्चित्त देतो, माणूस पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो आणि फादर हात उंचावून क्षमेचे शब्द उच्चारतो. सगळं मिळून पाच-सात मिनिटं.

आता मुद्द्याचं. पश्चात्ताप नसेल आणि पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल, तर ते शब्द उच्चारूनही काही होत नाही. आणि ज्याने चोरी केली आहे त्याला फादर पहिला प्रश्न विचारतो, "परत केलंस का?" परत करणं शक्य असून त्याची तयारी नसेल, तर फादर क्षमा रोखून धरू शकतो, कारण तिथे पश्चात्तापच खरा नाही. शुभवर्तमानातला (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला) जक्कय आठवा. यरीहोचा बडा जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू आपण होऊन त्याच्या घरी गेला. जक्कयने तिथल्या तिथे जाहीर केलं की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. आधी येशू घरात आला, मग त्याने हिशोब केला. आमच्या श्रद्धेत क्रम हाच आहे. देव आधी येतो, तो विकत घ्यावा लागत नाही. पण तो आल्यावर माणूस होता तसाच राहिला, तर तो आलेला त्या माणसाला कळलाच नाही.

कॅथलिक शिकवणीत आणखी एक फरक केला जातो. दोष माफ होतो, पण पापाने जे बिघडवलं ते उरतं. मोडलेलं हाड जोडलं गेलं तरी पायात ताकद यायला महिने लागतात, तसं. म्हणून प्रायश्चित्त. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1551 मध्ये हे सविस्तर मांडलं. वर्षातून किमान एकदा कबुली द्यावी हा नियम त्याहून जुना, 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा.

---

विचारी_मन

चांगला धागा. मी नास्तिक आहे, तरी प्रश्न मनापासून विचारतोय. समजा एका माणसाने माझ्या वडिलांची जमीन लबाडीने हडपली. उद्या तो देवासमोर रडला आणि देवाने त्याला माफ केलं. पण नुकसान वडिलांचं झालं! माफ करायचा अधिकार वडिलांचा. देव मध्ये कोण?

---

वसईवाला

या सगळ्या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही विचारलात. मार्कच्या शुभवर्तमानात पक्षाघाती माणसाला चार जण छप्पर उकलून येशूसमोर खाली सोडतात आणि येशू त्याला म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तिथे बसलेले शास्त्री मनात म्हणतात, हा कोण क्षमा करणारा? तेव्हा तुमचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी येशूसमोरच उभा राहिला होता, थोड्या वेगळ्या रूपात.

माझं उत्तर असं. देव तुमच्या वडिलांच्या वतीने माफ करत नाही. तो त्याच्या स्वतःच्या बाजूचं माफ करतो. ख्रिस्ती श्रद्धेत प्रत्येक माणूस देवाचं लेकरू आहे, म्हणून माणसाला दिलेली जखम देवालाही लागते. वडिलांची बाजू तशीच उघडी राहते. म्हणूनच डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की वेदीवर अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. जमीन हडपणाऱ्याने सातबारा न बदलता वेदीसमोर कितीही अश्रू ढाळले, तरी त्याला परत घरी पाठवलेलं आहे.

दावीद राजाचं पाहा. उरीयाच्या बायकोला, बथशेबेला, त्याने आपल्याकडे आणलं आणि उरीयाला लढाईत मुद्दाम पुढे ठेवून मारवलं. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं तेव्हा दावीदाने कबूल केलं. नाथान म्हणाला, देवाने तुझं पाप दूर केलं आहे. आणि त्याच दमात म्हणाला, तुझ्या घरातून तलवार हटणार नाही. पुढे मूल गेलं, मुलगे एकमेकांच्या जिवावर उठले, अबशालोमने बंड केलं. 51 वं स्तोत्र परंपरेने याच प्रसंगाला जोडलं जातं. क्षमा मिळालेल्या माणसाला परिणाम चुकले नाहीत.

---

भिंगार

अहमदनगरकडचा, आता अहिल्यानगर म्हणायचं. आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून प्रॉटेस्टंट. वसईवाला यांनी छान लिहिलंय, पण आमची बाजू वेगळी आहे आणि ती ठामपणे मांडायला हवी.

आमच्याकडे खोकं नाही, जाळी नाही. दर रविवारी उपासनेत मंडळी एकत्र पापांगीकाराची प्रार्थना म्हणते. बाकीचं माणूस आणि देव यांच्यात. देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, तो ख्रिस्त. पाळक सांत्वन करेल, सल्ला देईल, पण "मी तुला क्षमा करतो" असं म्हणणार नाही.

हा वाद निव्वळ पुस्तकी नाही. 1517 मध्ये जर्मनीत योहान टेट्झेल हा धर्मगुरू दंडमाफीची पत्रं (पापाची उरलेली शिक्षा माफ झाल्याची प्रमाणपत्रं) विकत फिरत होता. तो पैसा रोममधल्या सेंट पीटर मंदिराच्या बांधकामासाठी आणि आर्चबिशप आल्ब्रेख्ट यांचं कर्ज फेडण्यासाठी जात होता. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध 95 सिद्धांत लिहिले. त्यातला पहिलाच सांगतो की ख्रिस्ताने पश्चात्ताप करायला सांगितला तेव्हा श्रद्धावंताचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं व्हावं, असा त्याचा अर्थ होता.

आपल्या मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वॉन्टेज इथे झाला. पुढे 1907 च्या सुमारास त्यांनी आपली साक्ष लिहिली. तीत त्या सांगतात की बाप्तिस्मा घेऊन वर्षं लोटली तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. पुराणं तोंडपाठ असलेली, सरस्वती ही पदवी मिळवलेली विदुषी हे लिहिते! त्यांना जे उमगलं ते इतकंच की क्षमा ही फुकट मिळालेली देणगी आहे, ती तशीच हात पसरून घ्यायची. त्यानंतर केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना आसरा मिळाला. 1905 मध्ये तिथे जे आत्मिक जागरण झालं, त्यात मुली रात्र रात्र रडून एकमेकींसमोर आपली पापं कबूल करत होत्या. कुणी धर्मगुरू ऐकायला बसला नव्हता.

---

वसईवाला

भिंगार, रमाबाईंचं उदाहरण इथे आणल्याबद्दल मनापासून आभार. टेट्झेलबद्दल वाद घालण्यासारखं काही नाही, तो व्यवहार लाजिरवाणा होता. ट्रेंटच्या परिषदेनंतर पोप पायस पाचवे यांनी 1567 मध्ये पैशाशी जोडलेल्या दंडमाफ्या बंद केल्या. पण जर्मनीत तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

एका ठिकाणी मात्र तुमच्याशी असहमत. योहानाच्या शुभवर्तमानात उठलेला येशू शिष्यांवर फुंकर घालून म्हणतो की ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा झाली आहे. आम्ही ते शब्द जसेच्या तसे घेतो. आणि माझा अनुभव सांगतो. मनातल्या मनात देवाशी बोलताना मी स्वतःला फार सहज सोडून देतो. दुसऱ्या माणसाच्या कानावर घालायची वेळ आली की जीभ जड होते. "मी बायकोवर हात उगारला" हे वाक्य मोठ्याने म्हणणं आणि नुसतं मनात आणणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

---

सदाफुली

ताई म्हणा किंवा काहीही म्हणा, पण हा प्रश्न टाळू नका. मी महिलांच्या समुपदेशनाचं काम करते. एक ख्रिस्ती बाई आली होती. नवरा मारहाण करायचा. घरच्यांनी, देवळातल्या वडीलधाऱ्यांनी तिला काय सांगितलं? "येशूने वधस्तंभावर माफ केलं, तू का नाही करत?" ती वर्षानुवर्षं मार खात राहिली. तुमची क्षमा तिच्या गळ्यात दोरखंडासारखी अडकवली होती. यावर काय म्हणाल?

---

वसईवाला

ताई, तिला तसं सांगणाऱ्यांनी घोर अन्याय केला.

वधस्तंभावर येशू पित्याला म्हणाला की यांना क्षमा कर, कारण काय करतात ते यांना ठाऊक नाही. त्याने कुणा मार खाणाऱ्या बाईला परत मारणाऱ्याकडे जा असं कधी म्हटलं नाही. क्षमा म्हणजे सूड सोडणं. एकत्र राहणं, तक्रार मागे घेणं, पुन्हा विश्वास टाकणं, यातलं काहीही क्षमेत आपोआप येत नाही. समेटाला दोन माणसं लागतात आणि मारणाऱ्याने मारणं थांबवलंय हे आधी दिसावं लागतं. लूकच्या 17 व्या अध्यायात येशूचे शब्द आहेत की तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला खडसाव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. खडसावणं आधी आहे. हे वाक्य सोयीस्करपणे गाळलं जातं.

पोप जॉन पॉल दुसरे यांचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. 13 मे 1981 रोजी सेंट पीटर चौकात मेहमेत अली आजा याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी रुग्णालयातून ध्वनिमुद्रित संदेशात ते म्हणाले की मला गोळी घालणाऱ्या बंधूला मी मनापासून क्षमा केली आहे. 27 डिसेंबर 1983 रोजी ते रेबिबिया तुरुंगात त्याच्या कोठडीत गेले, दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गुडघ्याला गुडघा लावून बोलत बसले. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. पण आजा तुरुंगातच राहिला. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली ती 2000 साली. पोपच्या क्षमेने कोर्टाचा निकाल पुसला गेला नव्हता.

मुलांच्या लैंगिक शोषणाबाबत तर आमच्या ख्रिस्तसभेने (चर्चने) जगभर जे झाकलं, ते क्षमेच्या नावाखाली झाकलं, हे इथे नमूद केलं पाहिजे. गुन्हेगार धर्मगुरूला "पश्चात्ताप झालाय" म्हणून दुसऱ्या धर्मग्रामात (दुसऱ्या चर्चच्या हद्दीत) पाठवायचं आणि तिथे नवी मुलं त्याच्या हाती द्यायची. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये तक्रार नोंदवण्याचे सक्तीचे नियम काढले, फार उशिरा. आपल्याकडे पोक्सो कायद्याने तर माहिती असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे.

---

विचारी_मन

मग कबुलीच्या गुप्ततेचं काय? गुन्हेगाराने कबुलीत सांगितलं तर फादर गप्पच बसणार ना?

---

वसईवाला

हो. कबुलीत ऐकलेलं फादर कुणालाही, कोर्टालाही, सांगू शकत नाही. मुद्दाम सांगितलं तर तो आपोआप धर्मबहिष्कृत होतो आणि ती शिक्षा फक्त रोमच उठवू शकतं. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने (सरकारी चौकशी आयोगाने) 2017 मध्ये शिफारस केली की बालशोषणाच्या बाबतीत ही सूट असू नये, आणि तिथल्या अनेक राज्यांनी तसे कायदे केले. तिथल्या बिशपांनी विरोध केला. मला स्वतःला गुप्तता राहावी असं वाटतं. ती गेली तर असा माणूस तोंडच उघडणार नाही, आणि "पोलिसांकडे जा" असं त्याला सांगणारा शेवटचा माणूसही जाईल. पण ज्याच्या लेकराला हे भोगावं लागलं त्याने माझं हे मत संतापाने फेटाळलं तर त्याला मी दोष देणार नाही.

---

डोंगरवारा

आमचे पूर्वज गोव्याहून कारवारला पळाले ते इन्क्विझिशनमुळे, म्हणजे पाखंडी ठरवून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयामुळे. 1560 ते 1812, मध्ये चार वर्षांचा खंड. कबुलीबद्दल एवढं चांगलं वाचताना सारखं तेच डोक्यात येत होतं. तिथे कबुली छळ करून घेतली जात होती. लोकांना मिरवणुकीत चालवून "प्रायश्चित्त" करवलं जात होतं. त्याच शतकांत त्याच गोव्यात फादर स्टीफन्स मराठीत ओव्या रचत होते, 1616 ला ख्रिस्तपुराण छापलं गेलं. एकीकडे इतकी गोड भाषा आणि दुसरीकडे ते. याची क्षमा कुणी मागितली का?

---

वसईवाला

तुमचं दुःख खरं आहे. जबरदस्तीची कबुली आमच्याच शिकवणीनुसार कबुली नव्हे. पश्चात्ताप मोकळ्या मनाने यावा लागतो, तो छळाच्या चौकटीवर ताणून काढता येत नाही.

12 मार्च 2000 रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटरमध्ये ख्रिस्तसभेच्या मुलांनी केलेल्या पापांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली वापरलेली सक्ती, ज्यू लोकांवरचा अन्याय, इतर संस्कृतींचा आणि धर्मांचा अवमान, स्त्रियांचा अवमान, हे सगळं त्यात होतं. थकलेल्या, थरथरत्या हातांनी त्यांनी क्रुसाला मिठी मारली. पण त्या प्रार्थनांमध्ये गोव्याचं नाव नव्हतं, आणि क्षमा मागितली ती देवाकडे. वर विचारी_मन यांना जे म्हणालो तेच इथे लागू होतं, तुमच्या पूर्वजांची बाजू उघडीच आहे. ती एका प्रार्थनेने मिटली असं मी म्हणणार नाही.

---

रानजाई

वारकरी घरातली आहे. आमच्याकडेही विठ्ठलाला पतितपावन म्हणतात, संतांनी स्वतःला पतित म्हणून देवाच्या दारात बसवलं. त्यामुळे देव आधी येतो हे मला परकं वाटलं नाही. माझा साधा प्रश्न: असं एखादं पाप आहे का जे देव माफच करत नाही?

---

वसईवाला

शुभवर्तमानात एकच सांगितलंय, पवित्र आत्म्याविरुद्धचं पाप. त्यावर शतकानुशतकं लिहिलं गेलंय. सर्वसाधारण समजूत अशी की क्षमा घ्यायलाच शेवटपर्यंत नकार देणं, हे ते पाप. देणारा हात आखडता घेत नाही, घेणारा मूठ उघडत नाही. येशूचे दोन शिष्य पाहा. पेत्राने कोंबडा आरवायच्या आधी येशूला तीनदा नाकारलं, यहूदाने पैशांसाठी धरून दिलं. दोघंही कळवळले. यहूदाने तीस नाणी मंदिरात फेकूनही दिली, म्हणजे परतफेडही केली. पेत्र परत आला, यहूदा आला नाही. तो येऊन उभा राहिला असता तर काय झालं असतं, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही.

---

इंदुरी_पोहे

उशिरा वाचलं, पण इथे हे नोंदवलंच पाहिजे. इंदूर-देवास भागात हे सगळ्यांना माहीत आहे. सिस्टर राणी मारिया, मूळच्या केरळच्या, उदयनगर परिसरात आदिवासींमध्ये काम करत होत्या. सावकारीच्या विळख्यातून लोकांना सोडवत होत्या, त्यामुळे काहींच्या डोळ्यांत खुपल्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी समंदर सिंग याने त्यांना बसमधून ओढून भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. 2002 मध्ये त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, 2006 मध्ये तो सुटला, नंतर केरळात जाऊन त्यांच्या आईला भेटला. आईने त्याच्या हातांचं चुंबन घेतलं. 2017 मध्ये इंदूरमध्ये सिस्टरना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा तो हजर होता.

माझी आई त्या सोहळ्याला गेली होती, आम्ही हिंदू आहोत तरी. ती म्हणाली की राखी बांधणं मला जमलं नसतं.

---

सदाफुली

इंदुरी_पोहे, इथे निदान अकरा वर्षं तो तुरुंगात होता आणि बहीण आपल्या मनाने गेली, कुणी ढकललं नाही. माझा आक्षेप ढकलण्याला आहे. वसईवाला, तुमचं उत्तर प्रिंट काढून त्या बाईला देऊ का?

---

वसईवाला

जरूर द्या ताई. आणि तिला सांगा की ती ज्या धर्मग्रामातली असेल तिथल्या फादरशी थेट बोलायला हरकत नाही, पण आधी पोलीस आणि वकील. तिला वसई-विरार भागात कुणी बरोबर यायला हवं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी आणि माझी बायको येऊ.

---

भिंगार

नगरकडे लागलं तर आमच्या मंडळीतल्या बायका आहेत. जाळीबद्दलचं आपलं भांडण चालू ठेवू, वसईवाला. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे, फक्त धर्मगुरूजवळ असं नाही. त्यावर वेगळा धागा काढतो, ईस्टरनंतर.